परदेशात खेळायला निघालेल्या फुटबॉलपटूने सही करण्याआधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा: १९ वर्षांच्या भावाला दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबने दोन मोसमांचा करार देऊ केला आहे. एजंट म्हणतो की मोठ्या लीगकडे जाणारी ही पायरी आहे, आठवड्याभरात सही करा. जावं की थांबावं, आणि परदेशात गेलेल्या खेळाडूची कारकीर्द पुढे नेमकी कशी घडते, हे घरात कुणालाच माहीत नाही.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. परदेशी खेळाडूंचे करार, त्यांची नोंदणी आणि क्लबशी होणारे वाद हे माझं रोजचं काम आहे. बाहेर गेल्यामुळेच ज्यांचं आयुष्य उभं राहिलं अशी कितीतरी मुलं मी जवळून पाहिली आहेत. पण एक फरक आधी नीट लक्षात घ्या. स्थानिक खेळाडूला क्लबने काढलं तर त्याची नोकरी जाते. परदेशी खेळाडूला काढलं तर नोकरी जाते आणि बहुतेक देशांत त्याचा राहण्याचा परवानाही धोक्यात येतो, कारण तो परवाना त्या क्लबच्या नोकरीवरच मिळालेला असतो. पगार थकला, दुखापत झाली, प्रशिक्षक बदलला, नवा करार बोलायची वेळ आली, की प्रत्येक वेळी हा फरक आडवा येतो. क्लबला तो पक्का ठाऊक असतो. खेळाडूला बहुतेकदा उशिरा कळतो. म्हणून अशा खेळाडूची प्रगती मी पगाराच्या आकड्यावर मोजत नाही. दोन-तीन वर्षांनी तो हा क्लब सोडून दुसरीकडे जायला किती मोकळा असेल, हे मी आधी बघते.

आता जागांबद्दल. युरोपीय पासपोर्ट नसलेल्या खेळाडूसाठी प्रत्येक देशाचं दार वेगळ्या पद्धतीने उघडतं. स्पेनच्या ला लीगामध्ये युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू संघात ठेवता येतात. जर्मनीने अशी मर्यादा २००६ मध्ये काढून टाकली. तिथे जर्मन खेळाडूंची आणि स्थानिक अकादमीत घडलेल्यांची किमान संख्या भरली की क्लब मोकळा. नेदरलँड्समध्ये अट पगाराची आहे. वीस वर्षं पूर्ण झालेल्या बिगर-युरोपीय खेळाडूला लीगच्या सरासरी पगाराच्या दीडपट द्यावेच लागतात, त्यामुळे स्वस्तात मिळतोय म्हणून तिथे कुणाला नेता येत नाही. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत आहे. राष्ट्रीय संघाकडून किती सामने, कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं, क्लब कोणत्या स्पर्धांत खेळला, असे सगळे गुण मिळून १५ झाले की मंजुरी मिळते. २०२३ पासून गुण कमी पडणाऱ्यांसाठी क्लबांना काही राखीव जागा दिल्या आहेत, पण त्या जास्तीत जास्त चार.

जिथे जागा मोजक्या असतात तिथे तुमच्या भावाची स्पर्धा फक्त त्याच्या पोझिशनवर खेळणाऱ्यांशी नसते. त्या जागा मागणाऱ्या प्रत्येकाशी असते. तो डाव्या बाजूचा बचावपटू असेल आणि उत्तम खेळत असेल, तरी जानेवारीत क्लबला एखादा परदेशी स्ट्रायकर सापडला तर जागा रिकामी करण्यासाठी यालाच लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे, पाठवलं जाऊ शकतं. यात त्याचं खेळणं कमी पडलेलं नसतं. मुलांना हे आधी सांगितलेलं नसलं की ती स्वतःलाच दोष देत बसतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या क्लबमधल्या खेळावर होतो.

ताकेफुसा कुबो या जपानी खेळाडूची वाटचाल याचं चांगलं उदाहरण आहे. २०११ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. १८ वर्षांखालच्या परदेशी मुलांना घेताना क्लबने नियम मोडले म्हणून २०१४ मध्ये फिफाने बार्सिलोनावर कारवाई केली. मुलांना अधिकृत सामने खेळता येईनात. कुबो २०१५ मध्ये जपानला परतला आणि तिथल्या एफसी टोकियोमध्ये घडला. १८ वर्षं पूर्ण होताच, जून २०१९ मध्ये, त्याला थेट रेयाल माद्रिदने घेतलं. पण माद्रिदमधल्या बिगर-युरोपीय जागा व्हिनिसियस, मिलिताव, रॉड्रिगो या ब्राझीलच्या खेळाडूंनी अडवल्या होत्या. कुबो मायोर्काला लोनवर गेला, मग विलारेयालला, तिथून मोसमाच्या मध्येच हेताफेला, मग पुन्हा मायोर्काला. माद्रिदच्या मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता २०२२ मध्ये तो रेयाल सोसिएदादकडे गेला. तिथे तो नियमित खेळू लागला आणि पहिल्याच मोसमात संघ ला लीगामध्ये चौथा आला, चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, व्हिनिसियसला स्पेनचं नागरिकत्व मिळालं आणि माद्रिदची एक जागा मोकळी झाली. लॅटिन अमेरिकी देशांच्या नागरिकांना स्पेनमध्ये दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जपानसारख्या देशाच्या नागरिकाला दहा वर्षं थांबावं लागतं. एकाच पिढीची, एकाच क्लबची ही मुलं. मैदानावरच्या गुणांमधला फरक बाजूला ठेवला, तरी पासपोर्टने त्यांच्या वाटा वेगळ्या केल्याच असत्या. कुबोचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की त्याने मोठ्या नावाच्या बाकावर जागेची वाट बघण्यापेक्षा खेळायला मिळेल असा क्लब पत्करला.

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे खेळाडूचा करार लीगशी होतो. परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असतात आणि क्लब त्या एकमेकांना विकतातसुद्धा. पण ग्रीन कार्ड मिळालेला खेळाडू तिथल्या अमेरिकी क्लबसाठी स्थानिक धरला जातो. म्हणजे त्याचे पाय तेच, खेळ तोच, पण कार्ड आल्यावर तो कोणत्याही क्लबला जास्त सोयीचा होतो आणि पगाराच्या बोलणीत त्याचा शब्द वजनदार होतो. म्हणून अमेरिकेत जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की ग्रीन कार्डचा अर्ज क्लब कधी करणार आणि वकिलाचा खर्च कोण देणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. तिथे खेळाडूला मिळणाऱ्या पी-१ व्हिसाची मुदत एका वेळी पाच वर्षांपर्यंत असू शकते, पण जोडीदाराला मिळणाऱ्या पी-४ व्हिसावर नोकरी करता येत नाही. शिकलेल्या, कमावत्या जोडीदाराचं घरी बसणं हे खेळाडू परत फिरण्याचं एक मोठं कारण असतं. करार करताना त्याचा विचार फारसा कुणी करत नाही.

तुमचा भाऊ १९ वर्षांचा आहे, त्यामुळे अल्पवयीनांचा नियम त्याला लागू होत नाही. तरी धाकटं कुणी याच मार्गावर असेल तर लक्षात ठेवा: १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफाने बंद ठेवली आहे. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात गेले असतील तर, युरोपीय संघाच्या आत १६ ते १८ वयात, सीमेजवळ राहणाऱ्यांना, आणि निर्वासित मुलांना. अल्फोन्सो डेव्हिसचा जन्म घानामधल्या निर्वासित छावणीत, लायबेरियाहून पळून आलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात आलं, तिथे तो वाढला, जून २०१७ मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं आणि त्याच महिन्यात सोळाव्या वर्षी तो कॅनडाकडून खेळला. बायर्न म्युनिकने त्याचा व्यवहार जुलै २०१८ मध्येच ठरवला, पण १८ पूर्ण होईपर्यंत थांबून तो जानेवारी २०१९ मध्ये जर्मनीला गेला. जगातल्या सर्वात बलाढ्य क्लबांपैकी एकाला जे थांबणं चुकलं नाही, ते आपण टाळून देऊ असं सांगणारा माणूस खोटं बोलतो.

करारात मी पहिल्यांदा मुदतीची ओळ वाचते. दोन मोसम असं तोंडी सांगितलेला करार कागदावर बऱ्याचदा एक अधिक एक निघतो: पहिला मोसम पक्का, दुसरा वाढवायचा की नाही हे क्लब ठरवणार. असं असेल तर हा एका मोसमाचाच करार आहे. भाऊ छान खेळला तर क्लब त्याला जुन्याच पगारात ठेवून घेईल, आणि गुडघा दुखावला तर जूनमध्ये निरोप देईल. वाढीचा हक्क दोघांच्या संमतीने हवा, किंवा निदान ठरावीक सामने खेळल्यावर आपोआप आणि वाढीव पगारावर लागू व्हायला हवा. क्लबने आपला निर्णय कळवण्याची शेवटची तारीखही लिहून मागा. ती मे महिन्याच्या अखेरीस असेल तर नवा क्लब शोधायला वेळच उरत नाही.

दुसरी ओळ व्हिसाची. 'वर्क परमिट मिळाल्यास करार लागू' असं वाक्य अनेक क्लब घालतात, तसंच वैद्यकीय चाचणीबद्दल. फिफाच्या नियमांत, कलम १८ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे की कराराची वैधता वैद्यकीय चाचणीवर किंवा वर्क परमिटवर अवलंबून ठेवता येत नाही. चाचण्या आणि चौकशा क्लबने सहीआधी करायच्या असतात. एजंटला हे कलम दाखवा आणि वाक्य काढायला सांगा. एखाद्या सज्जन क्लबनेही ते जुन्या मसुद्यातून नकळत उचललेलं असू शकतं. काढायला सांगितल्यावर जो क्लब अडून बसतो त्याच्याबद्दल मात्र मी सावध होते.

तिसरी ओळ पैशांची. पगार कर कापून की करासहित, हे शब्दांत लिहिलेलं हवं. कराच्या सवलतींबद्दल ऐकीव माहितीवर जाऊ नका. परदेशातून आलेल्यांसाठी स्पेनमध्ये असलेली प्रसिद्ध सवलत २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूंना मिळत नाही, तरी तिचं आमिष अजून दाखवलं जातं. पगाराची तारीख, घरभाडं कोण भरणार, वर्षातून किती विमान तिकिटं, क्लब खालच्या श्रेणीत घसरला तर पगार किती कापणार आणि तेव्हा खेळाडूला निघून जाता येईल का, हे सगळं नेमकं लिहून घ्या. करार स्थानिक भाषेत असेल तर शेवटच्या पानावर एक वाक्य असतं की दोन भाषांत तफावत आढळल्यास कोणती प्रत ग्राह्य. ते वाक्य कोणत्या भाषेच्या बाजूचं आहे बघा, आणि भाषांतर क्लबच्या माणसाकडून न घेता बाहेरच्या, पैसे देऊन नेमलेल्या भाषांतरकाराकडून घ्या.

दुखापतीवर स्वतंत्र कलम हवं. शस्त्रक्रिया कुठे करायची, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येईल का, करार संपल्यावरही पुनर्वसनाचा खर्च क्लब देईल का. परदेशात, आजूबाजूला आपलं कुणी नसताना, क्लबचा डॉक्टर 'इंजेक्शन घे आणि शनिवारी खेळ' म्हणतो तेव्हा विसाव्या वर्षी नाही म्हणणं फार कठीण असतं. त्या मुलाच्या मागे लिहिलेला हक्क असला की त्याला नाही म्हणता येतं.

पगार थकण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणारी सर्वात जास्त प्रकरणं हीच असतात. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४,००० खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ४१ टक्के खेळाडूंनी मागच्या दोन मोसमांत पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं, आणि ४५ टक्क्यांचा पगार महिना १,००० डॉलरपेक्षा कमी होता. टीव्हीवर दिसणारं फुटबॉल ही या धंद्याची अगदी वरची कड आहे. परदेशी खेळाडूंचा मोठा भाग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत, छोट्या करारांवर जगतो.

एका बचावपटूचं प्रकरण सांगते. क्लबचं आणि त्याचं नाव सांगणार नाही. नवा प्रशिक्षक आला आणि याला मुख्य संघातून काढून सकाळी सात वाजता राखीव मुलांबरोबर सरावाला बोलवायला लागले. ड्रेसिंग रूममधलं त्याचं कपाट दुसऱ्याला दिलं. तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. मग एका संध्याकाळी कार्यालयात बोलावून दोन पानी कागद समोर ठेवला. भाषा स्थानिक, दुभाषा क्लबचाच नोकर. दुभाषा म्हणाला, सही कर म्हणजे तू मोकळा होशील, हवा तो क्लब शोध. त्याने 'घरी वाचतो' म्हणून कागदाचा फोटो काढला आणि मला पाठवला. दुसऱ्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती: करार परस्परसंमतीने संपत असून दोन्ही पक्षांचं एकमेकांकडे कोणतंही येणं बाकी नाही. त्या एका सहीने तीन महिन्यांचा पगार आणि उरलेल्या कराराची भरपाई, दोन्ही गेली असती.

त्याने सही केली नाही. त्यानंतर त्याने जे केलं ते प्रत्येक खेळाडूने शिकून ठेवावं. तो रोज सकाळी सातला सरावाला हजर राहिला, आणि प्रत्येक दिवशी क्लबच्या अधिकृत पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल पाठवत गेला की मी आज आलो होतो, मी खेळायला तंदुरुस्त आणि तयार आहे. अपमान झाला म्हणून सरावाला न जाणं ही क्लबला हवी असलेली चूक असते. मग गैरहजेरीचं कारण दाखवून ते स्वतःच करार मोडतात. दुसरीकडे आम्ही लेखी नोटीस दिली. फिफाच्या नियमांतलं कलम १४ बिस असं आहे की दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकला, तर खेळाडूने क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, आणि तेवढ्यात पूर्ण पैसे आले नाहीत तर त्याला योग्य कारणाने करार मोडता येतो. क्लबने चौदाव्या दिवशी एका महिन्याचा पगार टाकला. तेवढ्याने थकबाकी फिटत नव्हती, म्हणून करार मोडला आणि उरलेला दावा फिफाकडे नेला. त्याला हिवाळ्यात नवा क्लब मिळाला, पण मधल्या काळात परवान्याच्या मुदतीचे दिवस मोजत तो ज्या तणावात राहिला तो कोणत्याही भरपाईत धरला जात नाही. म्हणून नोटीस देण्याआधीच तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारायचं असतं की नोकरी संपल्यावर या देशात किती दिवस राहता येतं.

फिफाकडे जाण्याचा हक्क हे परदेशी खेळाडूच्या हातातलं खरं बळ आहे. क्लब एका देशाचा आणि खेळाडू दुसऱ्या देशाचा असेल तर पगाराचा वाद फिफाच्या न्यायाधिकरणापुढे नेता येतो. खेळाडूला त्याची फी पडत नाही. दावा घटनेपासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि निकाल पटला नाही तर २१ दिवसांत लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपील करता येतं. साराह ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर ही आइसलँडची खेळाडू फ्रान्समध्ये लियोंकडून खेळत असताना गरोदर राहिली आणि तिचा पगार कापला गेला. तिने दावा लावला आणि २०२२ मध्ये फिफाने क्लबला तिचे ८२,००० युरोहून अधिक देणं भाग पाडलं. क्लब बुडालाच असेल तर २०२० मध्ये फिफा आणि फिफप्रोने मिळून उभारलेल्या निधीतून थोडीफार मदत मिळू शकते. उलट, खेळाडूने तिथलं नागरिकत्व घेऊन स्थानिक म्हणून नोंदणी केली की वाद देशांतर्गत ठरू शकतो आणि हे दार बंद होतं. नागरिकत्व घेऊच नका असा याचा अर्थ नाही. जुनी थकबाकी आधी निकाली काढा, इतकंच.

एजंटबद्दल. २०२३ पासून खेळाडूच्या वतीने बोलणी करायला फिफाचा परवाना लागतो आणि तो परीक्षा देऊन मिळतो. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा. एजंटशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. तो क्लबकडूनही पैसे घेत असेल तर ते तुम्हाला आधी सांगून लेखी संमती घेतलेली असायला हवी. चाचणीसाठी, व्हिसासाठी, नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. असे पैसे घेऊन युरोपच्या शहरांत सोडून दिलेल्या आफ्रिकी मुलांसाठी कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू जाँ-क्लोद म्बवूमँ यांना २००० मध्ये पॅरिसमध्ये फूट सॉलिडेर ही संस्था काढावी लागली, इतका हा प्रकार जुना आणि मोठा आहे. आठवड्याच्या मुदतीबद्दल म्हणाल तर क्लबला स्वतः ईमेल करून विचारा की ही मुदत तुमची आहे का. खऱ्या मुदतीचं कारण नोंदणीची खिडकी, म्हणजे नवे खेळाडू नोंदवता येण्याचा ठरलेला काळ, असतं आणि तिची तारीख जाहीर असते.

आता खेळाकडे येते. एजंट 'पायरी' म्हणतो ते खोटंच असेल असं नाही. सादियो माने सेनेगलहून फ्रान्सच्या मेसला गेला, तिथून साल्झबुर्ग, साउदॅम्प्टन आणि मग लिव्हरपूल. मोहम्मद सलाह २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलला गेला. पोर्ट सैदच्या स्टेडियममधल्या दंगलीनंतर त्याच्या देशाची, इजिप्तची, लीग थांबली होती. जानेवारी २०१४ मध्ये चेल्सीने त्याला घेतलं, तिथे तो फारसा खेळला नाही, आणि इटलीत फियोरेंतिना आणि रोमामध्ये पुन्हा उभा राहून २०१७ मध्ये लिव्हरपूलला आला. काओरू मितोमाला ब्रायटनने २०२१ मध्ये घेतलं, पण इंग्लंडचं वर्क परमिट मिळत नव्हतं, म्हणून तो आधी वर्षभर बेल्जियमच्या युनियन सेंट-जिलवाजकडून खेळला. या तिघांच्या पायऱ्या उपयोगी पडल्या कारण तिथे त्यांना मिनिटं मिळाली. बाकावर घालवलेलं वर्ष परदेशी खेळाडूला दुप्पट महाग पडतं: खेळ गंजतो, आणि इंग्लंडसारख्या गुणांच्या पद्धतीत पुढचा परवानाही दुरावतो. एका मोसमात तीन क्लबांत नोंदणी होऊ शकते पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात, हेही डोक्यात ठेवा. ऑगस्टमध्ये घाईने एखादा सामना इकडे खेळून गेलं की जानेवारीतला पर्याय आखडतो.

राष्ट्रीय संघाचा निर्णयही याच हिशेबात येतो. वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळला की देश बदलणं अवघड होतं. २०२० च्या बदलानुसार २१ वर्षांच्या आत जास्तीत जास्त तीन अधिकृत सामने खेळलेल्याला, ते विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतले नसतील आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील, तर एकदा बदलता येतं. नादिया नादिम अफगाणिस्तानातून डेन्मार्कला निर्वासित म्हणून आली. नव्या देशाकडून खेळण्यासाठी नियमानुसार १८ व्या वर्षानंतर तिथे पाच वर्षं राहणं आवश्यक होतं. डेन्मार्कच्या संघटनेने फिफाकडे पाठपुरावा केला, अपवाद मिळाला आणि २००९ मध्ये तिने पदार्पण केलं.

एकटेपणाबद्दल घरच्यांनी ऐकायला हवं. पहिल्या हिवाळ्यात मुलं फोनवर 'सगळं छान आहे' म्हणतात आणि खोलीत बसून राहतात. भाषेची शिकवणी करारातच मागा, क्लब ती सहसा नाकारत नाहीत, आणि ड्रेसिंग रूममध्ये मुलगा बोलू लागला की प्रशिक्षकाचा त्याच्यावरचा विश्वासही वाढतो. पहिलं वर्षभर घरी पैसे पाठवण्याची रक्कम ठरवून घ्या आणि ती कमी ठेवा. एका मोसमाचा करार असलेल्या माणसाकडे किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलाच पाहिजे, कारण पगार थकल्यावर ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नसतात तो समोर येईल त्या कागदावर सही करतो.

तुमच्या जागी मी आता एवढं करेन. संपूर्ण करार, जोडपत्रांसकट, लेखी मागवेन आणि क्रीडा करारांचं काम करणाऱ्या, एजंटशी संबंध नसलेल्या वकिलाकडून वाचून घेईन. त्या देशाच्या खेळाडू संघटनेला ईमेल करून क्लबवर थकबाकीचे दावे आहेत का विचारेन. फिफप्रोच्या संकेतस्थळावर सदस्य संघटनांचे पत्ते मिळतात. मग क्लबच्या मागच्या तीन मोसमांतल्या परदेशी खेळाडूंची यादी काढेन. कोण किती मिनिटं खेळलं, किती जण मोसम संपण्याआधी गेले, पुढे कुठे गेले, हे सगळं जाहीर असतं. वीस-बावीस वर्षांची मुलं खेळलेली दिसत असतील आणि पुढे वरच्या लीगमध्ये गेलेली असतील तर प्रस्ताव चांगला आहे. शेवटी त्या यादीतल्या एखाद्याला समाजमाध्यमावर गाठा. बहुतेक जण उत्तर देतात. त्याला दोनच गोष्टी विचारा: पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला यायचा, आणि निघताना क्लबने कोणत्या कागदावर सही घेतली.